कोंबडी चार आण्यांची, चौकशी बारा आण्यांची

शासन निर्णय वाचायची सवय असलेल्यांना त्यातला 'वाचा' हा मथळा ओळखीचा असतो. आधी विषय, मग 'वाचा', मग प्रस्तावना, मग प्रत्यक्ष निर्णय आणि शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. 'वाचा'खाली त्या विषयावरचे आधीचे आदेश क्रमांक-तारखांसह एकाखाली एक दिलेले असतात. एखाद्या चौकशी आयोगाच्या मुदतवाढीचा कागद हाती आला, तर निर्णय मागाहून वाचावा. आधी ही यादी मोजावी. पहिल्या कागदात एकच ओळ असते. पुढच्यात दोन, मग चार. काही वर्षांनी निर्णयापेक्षा यादीच लांब होते. ही त्या आयोगाची वंशावळच.

या यादीतल्या प्रत्येक ओळीमागे काही महिन्यांचे मानधन असते. सचिव, लघुलेखक, टंकलेखक, शिपाई, चालक यांचे पगार असतात. कार्यालयाची जागा, गाडी, दूरध्वनी, झेरॉक्स आणि वकिलांची फी असते. हे सारे कुठल्या तरी लेखाशीर्षाखाली 'भागवले' जाते, म्हणजे घरपट्टीपासून जीएसटीपर्यंत काही ना काही भरणाऱ्या माणसाच्या खिशातून जाते. मूळ घोटाळ्यात आपले पैसे गेले, आता ते कसे गेले हे शोधायलाही आपलेच पैसे जातात, ही त्याची चीड. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण अशा वेळी हमखास निघते.

ही चीड नवी नाही. मात्र तिचा माग काढत गेलो की चौकशी महाग कुठे होते, कुणामुळे होते आणि स्वस्त चौकशी खरेच स्वस्त असते का, हेही कळत जाते.

आपल्याकडच्या मोठ्या सरकारी चौकश्यांपैकी एक, इनाम कमिशन, खर्चाची नव्हतीच, कमाईची होती. कंपनी सरकारने १८५२च्या कायद्याने त्याला अधिकार दिले. दख्खन आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या इनामदारांनी आपापल्या सनदा दाखवायच्या, वहिवाट सिद्ध करायची. जमली नाही तर जमिनीवर सारा बसणार. त्यासाठी पेशवे दप्तराचे रुमाल उलगडले गेले. सुमारे ३५ हजार इनामे तपासली आणि २० हजारांवर सरकारजमा केली, असा आकडा इतिहासाच्या पुस्तकांतून येतो. तेव्हा कमिशन किती दिवस चालणार याची तक्रार सरकारने का करावी? जितके लांबेल तितका सारा वाढणार होता. चौकशीचे बिल चौकशी होणाऱ्याच्याच माथी होते, आणि त्यातला असंतोष १८५७च्या उठावाला उपयोगी पडला.

स्थानिक कारभाराच्या खर्चावरून कर भरणाऱ्यांनी रान उठवले ते थोड्याच वर्षांनी, मुंबईत. या गोष्टीचा नायक म्हणा, खलनायक म्हणा, आर्थर क्रॉफर्ड. १८६५च्या कायद्याने मुंबईला म्युनिसिपल कमिशनर मिळाला आणि त्या खुर्चीवर क्रॉफर्ड बसला. शहर घाण होते, मंडया गलिच्छ होत्या, गटारे नव्हती. क्रॉफर्डने कामांचा धडाका लावला. आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणून ओळखली जाणारी, तरीही लोकांच्या तोंडी 'क्रॉफर्ड मार्केट'च राहिलेली मंडई त्याच काळात उभी राहिली. तिच्या प्रवेशद्वारावरची शिल्पे रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांची, लॉकवुड किपलिंगची. पण त्याच १८६५ साली अमेरिकी यादवी संपली, कापसाचा भाव कोसळला आणि शेअरबाजाराचा फुगा फुटला. व्यापारी बुडाले आणि कर मात्र वाढत गेले. क्रॉफर्डच्या हिशेबावर सरकारने नेमलेल्या जस्टिस ऑफ द पीस मंडळींचा नावाला धाक होता.

१८७०-७१ साली मुंबईच्या करदात्यांनी उघड बंड केले. सभा झाल्या, अर्ज गेले, वर्तमानपत्रे पेटली. त्या गदारोळात तरुण फिरोजशहा मेहता वेगळेच बोलत होते. दोष एकट्या क्रॉफर्डचा नाही, त्याला कुणी जाब विचारू शकत नाही अशा रचनेचा आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे म्हणणे तेव्हा आवडले नाही, पण टिकले तेच. १८७२च्या कायद्याने ६४ सभासदांचे कॉर्पोरेशन आले, त्यातले निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनी निवडायचे. कर भरतो तो हिशेब मागेल, हे तत्त्व मुंबईत कायद्यात उतरले ते असे, एका माणसाच्या उधळपट्टीच्या रागातून.

क्रॉफर्ड मात्र गेला नाही. तो सरकारी नोकरीत वर चढत पुण्याला मध्य विभागाचा कमिशनर झाला. १८८८ साली त्याच्यावर आरोप आला की मामलेदारांच्या नेमणुका-बदल्यांसाठी तो पैसे घेतो. मध्ये हणमंतराव जहागीरदार हा दलाल. निलंबन होताच क्रॉफर्ड वेष पालटून पळाला आणि मुंबईत पकडला गेला. मग १८५०च्या सरकारी नोकर चौकशी कायद्याखाली तीन सदस्यांचे कमिशन पुण्यात बसले. दोन्ही बाजूंना बॅरिस्टर, साक्षीदारांची रांग, जबान्यांचे गठ्ठे. साक्षीदार कोण? खुद्द लाच दिलेले मामलेदार. 'खरे सांगा, तुम्हाला काही होणार नाही' असे अभय सरकारने त्यांना दिले होते.

निकाल काय लागला? लाचेचे आरोप सिद्ध झाले नाहीत. हाताखालच्या मुलखातल्या लोकांकडून कर्जे काढली, एवढे शाबीत धरले गेले. क्रॉफर्डची नोकरी गेली. पण वादाचे मोहोळ उठले ते मामलेदारांवरून. अभय दिलेल्यांनाच आता विलायतेतले पुढारी 'कबूल लाचखाऊ नोकरीत कसे?' म्हणून विचारू लागले. टिळकांनी त्यांची बाजू घेतली, पुण्यात सभा झाली, आणि सरकारला त्यांच्या संरक्षणासाठी १८८९ साली वेगळा कायदा करावा लागला. पुढच्या प्रत्येक आयोगात जे दिसणार, ते या एका प्रकरणात आधीच दिसून गेले: मोठ्या माणसाचे मोठे वकील, साक्ष देणाऱ्याचेच हाल आणि निष्कर्षापेक्षा लांबलेला वाद.

आजच्या आयोगाचा कायदेशीर पूर्वज मात्र विलायतेतला आहे. १९१२-१३ साली मार्कोनी कंपनीच्या शेअरांवरून तिथल्या मंत्र्यांवर आरोप झाले. चौकशी पार्लमेंटच्या समितीने केली आणि अहवाल सरळ पक्षांच्या रेषेवर फाटला. त्यावर उतारा म्हणून १९२१चा कायदा झाला: चौकशी राजकारण्यांनी करायची नाही, न्यायाधीशासारख्या त्रयस्थाने करायची, साक्षीदार बोलवायचे, कागद मागवायचे अधिकार त्याला कोर्टासारखे. आपला १९५२चा चौकशी आयोग कायदा याच घरातला. दिवाणी कोर्टाचे अधिकार आहेत, पण शिक्षा देता येत नाही. दालमिया उद्योगांच्या चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. एस. आर. तेंडोलकर यांचा आयोग नेमला, तेव्हा दालमिया सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५८च्या त्या निकालाने आयोगाचे रूप कायमचे ठरवले: आयोग म्हणजे न्यायालय नव्हे, त्याचा अहवाल म्हणजे शिफारस. ती मानायची की नाही हे ज्याने आयोग नेमला त्या सरकारनेच ठरवायचे.

त्याच १९५८ साली चौकशी कशी करावी याचा धडाही मिळाला, तोही मुंबईत. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती मुंदडांच्या कंपन्यांचे शेअर का घेतले, हा प्रश्न. मुख्य न्यायमूर्ती छागला यांचा एकसदस्यीय आयोग, मदतीला अॅटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड, सुनावणी खुली. १७ जानेवारीला नेमणूक, १० फेब्रुवारीला अहवाल. चोवीस दिवस! अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावे लागले. प्रश्न एक, कागद समोर, साक्षीदार मोजके आणि न्यायाधीश स्वतः प्रश्न विचारणारा, असे सारे जुळले होते.

मग घोडे पेंड कुठे खाते? १९७१ साली कायद्यात भर पडली. एखाद्याच्या अब्रूला धक्का लागेल असे दिसले तर त्याला नोटीस द्यायची, त्याचे म्हणणे ऐकायचे, उलटतपासणी करू द्यायची, वकील देऊ द्यायचा. न्यायाच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. उद्या तुमचे-आमचे नाव अहवालात आले तर आपणही हेच मागू. पण हिशेबाच्या दृष्टीने पाहा. दंगल असो, पूर असो, भरती घोटाळा असो, अब्रू पणाला लागलेली माणसे पन्नास निघतात. पन्नास वकील, प्रत्येकाची उलटतपासणी, प्रत्येकाच्या तारखा. त्यात कुणी उच्च न्यायालयात गेले की स्थगिती. आयोगाचे कार्यालय मात्र चालूच, कारण शिपाई आणि लघुलेखक यांना स्थगिती नसते. याच दुरुस्तीने एक चांगली गोष्टही दिली: अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांत तो कृती अहवालासह सभागृहापुढे ठेवायचा. अहवाल कधी यावा यावर मात्र तिने काहीच बंधन घातले नाही.

खर्च वाढण्याचे दुसरे ठिकाण म्हणजे खंड. पुणेकरांना पानशेतचे उदाहरण माहीत आहे. १२ जुलै १९६१ला धरण फुटले, अर्धे पुणे पाण्यात गेले. न्या. बावडेकर यांचा आयोग नेमला गेला. काम अर्धवट असताना न्यायमूर्तींचा मृत्यू झाला आणि धागा न्या. नाईक यांनी पुन्हा हाती घेतला. सरकारी खर्चाची गोष्ट सोडा. ज्याचे घर गेले तो या दुसऱ्या सुरुवातीकडे कसा पाहत असेल?

श्रीकृष्ण आयोगातला खंड माणसांनी पाडला. मुंबईच्या डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या दंगलींसाठी २५ जानेवारी १९९३ला आयोग आला. ५०२ साक्षीदार तपासले गेले. काम लांबत होते हे खरेच. पण २३ जानेवारी १९९६ला शिवसेना-भाजप सरकारने आयोगच गुंडाळला, आणि दिलेल्या कारणांत विलंब हे एक होते. टीका झाली, केंद्रात वाजपेयींचे तेरा दिवसांचे सरकार होते, तिथून शब्द आला. २८ मे रोजी आयोग पुन्हा जिवंत झाला, कार्यकक्षेत मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटांची भर घालून. अहवाल आला १६ फेब्रुवारी १९९८ला. सभागृहापुढे ठेवला गेला ६ ऑगस्टला, सहा महिन्यांच्या मुदतीला दहा दिवस उरले असताना, आणि सरकारने त्यातले बहुतेक निष्कर्ष नाकारले.

इथे जरा थांबायला हवे. 'चौकशीवर किती पैसा घालवायचा?' हा प्रश्न करदात्याच्या तोंडी न्याय्य आहे. तोच प्रश्न चौकशीला घाबरणाऱ्याच्या तोंडी आला की ते हत्यार होते. शब्द तेच, स्वर तोच. म्हणून खर्चावरून कुणी ओरडले की आधी पाहावे, अहवालाची वाट पाहून हा कंटाळला आहे की अहवाल येऊ नये म्हणून घाई करतो आहे.

उलट टोकाला लिबरहान आयोग. बाबरी मशीद पडल्यावर दहा दिवसांनी, १६ डिसेंबर १९९२ला नेमणूक. मुदत तीन महिने. अहवाल दिला ३० जून २००९ला. मध्ये ४८ मुदतवाढी आणि सुमारे आठ कोटींचा खर्च. अहवाल आला तोवर सतरा वर्षे गेली होती. शाळेत जाणारी मुले मतदार झाली होती, कितीतरी साक्षीदार वारले होते. अठ्ठेचाळीस वेळा कुणीतरी 'वाचा'च्या यादीत एक ओळ वाढवली आणि सही केली. एकाही वेळी 'आतापर्यंत किती झाले?' हे ठळक अक्षरांत कुणी विचारलेले दिसत नाही.

मग उपाय काय, लवकर आणि स्वस्तात उरकणे? इंग्रजांनी तो प्रयोग करून पाहिला. ३० जानेवारी १९७२ला उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या. लॉर्ड विजरी यांनी एप्रिलमध्येच अहवाल देऊन सैनिकांना जवळपास निर्दोष ठरवले. स्वस्त, झटपट, नीटनेटके. डेरीतल्या कुणीही त्यावर विश्वास ठेवला नाही. सव्वीस वर्षांनी, १९९८ला, लॉर्ड सॅव्हिल यांच्याकडे तीच चौकशी पुन्हा सोपवावी लागली. ती बारा वर्षे चालली, सुमारे १९ कोटी ५० लाख पौंड खर्च झाले आणि २०१०ला पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. या बिलातला मोठा भाग वकिलांचा, हे खरे. पण बिलाचे मूळ विजरींच्या त्या दहा-अकरा आठवड्यांत होते. दरम्यान ब्रिटनने २००५ला नवा कायदा केला आणि त्यात चौकशी प्रमुखावर अनावश्यक खर्च टाळण्याची जबाबदारी शब्दांत लिहून टाकली. आपल्या १९५२च्या कायद्यात असे कलम नाही.

कॅनडात तर गावाची नगर परिषद स्वतः ठराव करून न्यायाधीशाकडून चौकशी मागू शकते, आणि बिलही गावच भरते. टोरांटो शहराने संगणक भाड्याने घेण्याचा ४ कोटी ३० लाख डॉलरचा करार मंजूर केला होता. प्रत्यक्षात खर्च त्याच्या जवळपास दुप्पट झाला. न्या. डेनिस बेलामी यांच्या चौकशीला सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर लागले. २००५ला २४१ शिफारशी आल्या. त्याच ओंटारिओ प्रांतातले कॉलिंगवूड हे वीस-बावीस हजार वस्तीचे गाव. २०१२ला गावाने आपल्या वीज कंपनीतला निम्मा हिस्सा विकला आणि त्या पैशातून निविदा न काढता क्रीडासंकुले बांधली. या व्यवहारांतून महापौरांच्या भावाला शुल्क मिळाले होते. २०१८ला परिषदेने चौकशी मागितली तेव्हा अंदाज साधारण १६ लाख डॉलरचा. २०२०ला न्या. फ्रँक मारोको यांनी ३०६ शिफारशी दिल्या तोवर खर्च ७० लाखांच्या पुढे गेला होता. इतक्या लहान गावात तो आकडा दर घरामागे मोजता येतो. लोक चिडले, ओरडले. पण ओरडायला त्यांच्यापाशी आकडा होता, हे लक्षात घ्या.

आपल्याकडे तोच नसतो. कल्याण-डोंबिवलीचे पाहा. बेकायदा बांधकामांवर जनहित याचिका झाली, त्यातून न्या. अग्यार समिती आली. समितीने मोजलेली बेकायदा बांधकामे: ६७ हजार ९२०. हा आकडा डोंबिवलीतल्या अनेकांना पाठ आहे. अहवाल दिला गेला आणि बासनात पडला. पुढे त्याच शहरात खोटी कागदपत्रे लावून रेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती निघाल्या; त्यांत घर घेतलेली साधी माणसे पाडकामाच्या आदेशापुढे उभी राहिली. अहवालावर वेळीच पावले पडली असती तर? समितीला जो काही पैसा लागला तो तेव्हा जास्त वाटला असेल. न वाचलेला अहवाल किती महाग पडला, याचा हिशेब त्या ६५ इमारतींतल्या गृहकर्जांच्या हप्त्यांत करावा लागेल.

भीमा कोरेगावच्या जानेवारी २०१८च्या हिंसाचारासाठी नेमलेल्या न्या. जे. एन. पटेल आयोगाची पहिली मुदत चार महिन्यांची होती. त्यानंतर 'वाचा'खालची यादी वाढतच गेली. दुसरीकडे याच राज्यात २६/११ नंतर राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन या दोघांच्या समितीने चार महिन्यांच्या आत अहवाल दिला. ती १९५२च्या कायद्याखाली नव्हती, तिला साक्षीदारावर सक्ती करता येत नव्हती, पण प्रश्न नेमका होता आणि माणसे कामाची होती.

क्रॉफर्डच्या काळापासूनचा हा सगळा प्रवास पाहिल्यावर मला एवढेच म्हणावेसे वाटते की 'चौकशी नको' ही मागणी करदात्याने कधीही करू नये. ती ज्यांना सोयीची आहे ते आधीच करत असतात. मागणी हिशेबाची करावी, जशी मुंबईच्या लोकांनी १८७१ला केली. मुदतवाढीच्या प्रत्येक आदेशात तीन ओळी सक्तीच्या कराव्यात: आजवरचा खर्च, आजवर तपासलेले साक्षीदार, उरलेले साक्षीदार. यासाठी नवा कायदाही लागत नाही. मंत्रालयातल्या एका टेबलावरचा मसुदा बदलला की पुरे.

तोवर वाट आपली आपण काढायची. आपल्या महापालिकेत, नगर परिषदेत किंवा जिल्ह्यात कुठली समिती बसली असेल, तर माहिती अधिकाराचा जोडपत्र 'अ' हा नमुना घ्या, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि विचारा: आजवर एकूण खर्च किती, आणि अहवाल कुठे आहे? उत्तरासाठी कायद्याने तीस दिवसांची मुदत आहे. या मुदतीला मात्र मुदतवाढ नाही.